तोंडाने काही देऊ नये

नाव व्यंकट राघोबा बिरादार. राहणार मेहकर, तालुका भालकी, जिल्हा बीदर. हल्ली मुक्काम नौबाद, बीदर शहर. लिंग पुरुष. वय पूर्ण एक्केचाळीस. उंची पाच फूट सात इंच, बांधा मध्यम, वर्ण सावळा. ओळख पटण्याची खूण : उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगने भाजल्याचा व्रण. शिक्षण : पी.यू.सी. (बारावी), कला शाखा, दुसरा वर्ग. तदनंतर सोळा वर्षांच्या खंडाने नर्सिंग पदविका. पूर्वीचा व्यवसाय : पाण्याच्या मोटारींचे वायंडिंग. सध्याचा व्यवसाय : परिचारक, खाजगी रुग्णालय. भाषा : मराठी बोलता, लिहिता, वाचता येते, कन्नड तिन्ही, पैकी लिहिताना विचार करावा लागतो, दखनी फक्त बोलता येते, इंग्रजी औषधांपुरती, तेलुगू, औरादकडचा पेशंट आल्यास. वर्तणूक समाधानकारक. रुग्णांच्या नातेवाइकांनी केलेल्या तक्रारी : चौदा. त्यांपैकी ग्राह्य धरलेल्या : एकही नाही.

चौदाही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. ब्रदर आमच्या माणसाच्या तोंडात पाणी घालू देत नाही.

मूळ कारण एका श्रावणी सोमवारचं आहे. तेव्हा व्यंकटला कुणी ब्रदर म्हणत नव्हतं. भालकीच्या बस स्टँडामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वायंडिंगचं दुकान होतं आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांच्या मोटारी जळाल्या की त्याच्याकडे यायच्या. मोटार उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, वेढे मोजायचे, तितकेच वेढे नव्या तारेचे घालायचे, वार्निश पाजून वाळवायची. मोटार कमी दाबाने जळाली का कोरडी चालून जळाली, हे तो वासावरून सांगायचा. बंद पडलेल्या वस्तूला कारण असतं आणि उघडल्यावर ते दिसतं, एवढीच त्याची तोपर्यंतची श्रद्धा होती. देवधर्माचं खातं आई सांभाळायची.

त्या सोमवारी वडिलांचा, राघोबांचा, उपास होता. राघोबांना दोन वर्षांपासून साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी गोळी चुकवू नका असं बजावलं होतं, आणि राघोबा सांगितलेलं ऐकणारे गृहस्थ होते. उपास चुकवला नाही, गोळीही चुकवली नाही. दुपारी बाराच्या सुमाराला ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले. अंगाला घाम, हातपाय गार, डोळे अर्धे उघडे आणि घशात घरघर.

घरघर म्हटल्यावर माणिकरावांना बोलावणं गेलं. माणिकराव म्हणजे राघोबांचे धाकटे भाऊ. गावात कुणाचं कमीजास्त असलं की नाडी बघायला त्यांनाच नेत. ते कुठे काही शिकलेले नव्हते, पण त्यांनी 'आता खाली घ्या' म्हटलेला माणूस पुन्हा वर आला असं एकदाही घडलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा लौकिक मोठा होता. त्यांनी मनगट धरलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "येळ आली गा. खाली घ्या दादाला."

शहाबादी फरशीवर हात फिरवल्यासारखं शेण सारवलं. राघोबांना ओट्यावरून उचलून त्यावर उताणं निजवलं. देव्हाऱ्यात गंगेचे दोन गडू होते, तांब्याचे, तोंडाला कथिलाने बंद केलेले, मूठभर आकाराचे. काशीहून आणताना सत्यभामाबाईने हिशोबानेच दोन आणले होते, एक त्यांचा आणि एक आपला. तिने त्यांचा फोडला. तुळशीचं पान ठेवलं. चमचा व्यंकटच्या हातात दिला.

"पाज लेकरा. थोरला हायस. तुझ्याच हातचं पायजे."

पहिला चमचा ओठांच्या कोपऱ्यातून गळून गेला. दुसरा आत गेला. "गेला, गेला घोट," सत्यभामाबाई म्हणाली, आणि रडता रडता तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिसराही गेला. मग राघोबांचं अंग एकदा आचका दिल्यासारखं हाललं आणि घरघरीचा आवाज बदलला. आधी तो कोरडा होता, आता ओला झाला. दारात माणिकराव दोघा जणांना लाकडाला पाठवत होते. लाकडं बाभळीची घ्यावी का लिंबाची, ओली असली तर रॉकेल जास्त लागेल, वखारवाला बसलिंगप्पा उपासाचं दुपारी दुकान उघडतो का नाही, ही चर्चा चांगली मोठ्याने चालली होती. चाळीस मिनिटांत राघोबा गेले.

लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेला, मरण असावं तर असं, हा मेहकरचा निकाल पडला. तेराव्यापर्यंत तो कायम झाला.

व्यंकटला मात्र कारण सापडेना. सकाळी म्हशीला वैरण टाकलेला माणूस दुपारी का मरतो, हे त्याने माणिकरावांना विचारलं. ते म्हणाले, येळ आली. भालकीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हार्ट असेल, काहीही असेल. मोटारीच्या गिऱ्हाइकाला 'काहीही असेल' असं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक टिकलं नसतं. महिनाभर तो दुकानात बसून वेढे चुकवत राहिला. घरात एक तरी जाणता माणूस पाहिजे होता, एवढंच त्याला सारखं वाटायचं. वर्ष असंच गेलं आणि बीदरच्या एका नर्सिंग कॉलेजची जाहिरात त्याच्या हाती पडली. वयोमर्यादा पस्तीस. अर्ज केला त्या दिवशी व्यंकट चौतीस वर्षे अकरा महिन्यांचा होता.

बायकोला, विजयश्रीला, सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"घरात जाणतं माणूस पायजे म्हणून तुमीच कामून? आपल्या पिंकीला करू की नर्स."

"पिंकी आठ वर्सांची हाय."

"मग धा वर्सं कुणी मरू नगा म्हणावं."

पण तिनेच दुकान आपल्या भावाला चालवायला दिलं, आणि पांढरा शर्ट-पँट शिवायलाही तिनेच टाकला. भालकीच्या स्टँडवर मात्र पुढचे सहा महिने करमणुकीची सोय झाली. "काय गा व्यंकट, आधी तार गुंडाळायलतास, आता पट्ट्या गुंडाळायलास म्हणं?" "आमच्या मोटारीला सलाईन लावतोस का?" एकाने तर भर हॉटेलात "व्यंकट सिस्टर, च्या घ्या" म्हणून हाक मारली. व्यंकटने चहा घेतला.

कॉलेजात चाळीस जणांचा वर्ग. त्यात चौतीस मुली, पाच पोरं आणि व्यंकट. पहिल्या दिवशी शिकवायला आलेल्या ज्योत्स्ना मॅडमनी त्याच्याकडे बघून कन्नडमध्ये आणि मग मराठीत सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबावं." ज्योत्स्ना जनवाड्याची, एकोणतीस वर्षांची. व्यंकट उठून बाहेर जाऊन उभा राहिला. हजेरीत नाव आल्यावर दारातून 'येस मॅडम' म्हणाला. तेव्हापासून वर्गात ती त्याला व्यंकट म्हणे आणि व्हरांड्यात अण्णा. मुली अंकल म्हणत. पण शीर सापडेना असा पेशंट आला की त्याच मुली अंकलला शोधत यायच्या. सोळा वर्षं तांब्याची तार न तोडता ओढलेला हात होता. सुई शिरेत कधी शिरली हे पेशंटलाही कळायचं नाही.

तो धडा पहिल्या वर्षाच्या मार्चमध्ये आला. जेवणानंतरचा तास, पंखा बंद, निम्मा वर्ग पेंगत होता. मॅडम फळ्यावर रक्तातली साखर अचानक उतरल्याची लक्षणं लिहीत होत्या. घाम. गार अंग. गुंगी. घोरल्यासारखा श्वास. व्यंकट सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होता. चौथ्या ओळीला त्याच्या लक्षात आलं, की आपण अप्पांचं वर्णन लिहून घेतोय.

"उपाशीपोटी गोळी घेतली की हे होतं," मॅडम सांगत होत्या. "शिरेतून ग्लुकोज दिलं की माणूस पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो. पण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. साखर नाही, दूध नाही, पाणी नाही. गिळणं बंद असतं. घातलेलं सगळं फुफ्फुसात जातं. उताणा असेल तर नक्कीच."

व्यंकटने हात वर केला.

"मॅडम, किती गेलं तर?"

"किती म्हणजे?"

"चमचाभर. तीन चमचे."

"तीन कशाला? एकही पुरतो." आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

महत्त्वाच्या वाक्याखाली लाल रेघ मारायची असा वर्गाचा नियम होता. व्यंकटने 'एकही पुरतो' असं लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली.

कारण शोधायला निघालेल्या माणसाला कारण मिळालं. त्यानंतर त्याच्या मागे काय लागलं हे त्याला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. भूत म्हणावं तर दिसत काहीच नव्हतं. वॉर्डात कफ ओढून घ्यायचं मशीन असतं. नळी घशात घातली की आधी कोरडा आवाज येतो आणि कफ लागला की ओला. कोरड्याचा ओला होताना जो एक क्षण असतो, त्या क्षणाला व्यंकटच्या हातात नळी नसून चमचा असायचा. मशीन बंद झालं तरी आवाज चालू राहायचा. जेवताना कुणी शेजारी पाण्याचा घोट घेतला की त्याची नजर त्या माणसाच्या गळ्यावर जायची, आणि घाटी खाली-वर होऊन घोट नीट उतरेपर्यंत त्याचा स्वतःचा घास तोंडातच राहायचा. वर्गातल्या मुलींना वाटलं, अंकल टक लावून बघतात. दोघींनी जागा बदलली.

शेवटी एका दुपारी व्हरांड्यात त्याने ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"अण्णा, पुस्तक बघून मेलेल्या माणसाचं निदान करू नये."

"पर चुकलं का मॅडम माझं निदान?"

तिने वह्यांचा गठ्ठा सारखा केला. "न्हाई," म्हणाली. मग म्हणाली, "आमच्या घरात गंगेचा गडू नसतो. पण आजीची घरघर लागली तवा आमच्या आईनं वाटीनं दूध पाजलं. मी दुसरीत होते, वाटी मीच धरली होती. हा धडा शिकवताना दर वर्षी आठवतं."

"मग काय करता?"

"पुढचा मुद्दा घेते."

व्यंकटला पुढचा मुद्दा घेता येईना, कारण मागचा मुद्दा घरी आई रोज सांगत होती. मेहकरच्या घरी पाहुणा आला, चहा झाला, की सत्यभामाबाई ओट्यावर पदर सावरून बसायची आणि राघोबांचं मरण सांगायची. तिच्या विधवापणाला तेवढाच एक आधार होता, की माणूस कोरड्या घशाने गेला नाही. पहिल्या वर्षी सांगण्यात तीन चमचे होते. वर्षश्राद्धाला वाटी झाली. तिसऱ्या वर्षी फुलपात्र. चौथ्या वर्षापासून राघोबांनी डोळे उघडून लेकाकडे बघितलं आणि 'बास' असं म्हटलं. व्यंकट खांबाला टेकून ऐकायचा. तीन चमचे म्हणजे पंधरा मिली. फुलपात्र म्हणजे दीडशे. आई दर वर्षी मात्रा वाढवत होती आणि आपण ती देत होतो, असा काहीसा हिशोब त्याच्या डोक्यात चालायचा.

गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. सत्यभामाबाई देव्हाऱ्याकडे बोट दाखवायची. "माझा गडू हाय अजून. व्यंकटा, माझी येळ आली की तूच पाज. दुसरं काय मागत न्हाई बघ तुला."

"बरं माय," तो म्हणायचा.

सांगावं का? सांगितलं तर आईचा तो आधार जातो. न सांगावं, तर एक दिवस ती आपल्या हातचं पाणी मागत असताना आपल्याला नाही म्हणायचं आहे, आणि का ते सांगायचं नाही. विजयश्रीलाही त्याने सांगितलं नाही. विजयश्रीच्या पोटात राहिलं असतं, पण चेहऱ्यावर लपलं नसतं.

दरम्यान करोनाची साथ आली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना वॉर्डात घेतलं. त्या काळात नातेवाईकच आत येत नव्हते, त्यामुळे कुणी कुणाच्या तोंडात काही घालत नव्हतं. माणसं कोरड्या घशानेच जात होती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. व्यंकटला त्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली, आणि आपल्याला झोप लागते याची त्याला अजूनही लाज वाटते.

पदविका झाली, नौबादच्या रुग्णालयात नोकरी लागली. तिथे त्याने पाट्या केल्या. 'तोंडाने काही देऊ नये', मराठी, कन्नड आणि उर्दू अक्षरांत. बेशुद्ध पेशंट आला की आया चन्नव्वा आधी पाटी टांगते आणि मग चादर घालते. पण पाटी वाचून थांबतात ते मरणाचे जाणकार कसले? कुणी पदराखालून गडू काढी, कुणी बाटलीच्या बुचातून तीर्थ, कुणी झमझमचं पाणी कापसावर. व्यंकट सगळ्यांचं सारख्याच निर्विकारपणे काढून घेई, पट्टीवर बेड नंबर लिहून ती भांड्याला चिकटवी आणि ड्यूटी रूमच्या खणात ठेवी. पेशंट बरा झाला की भांडं परत. नाही झाला, तर डॉक्टरांनी मृत्यू लिहून दिल्यावर तो स्वतःच भांडं आणून नातेवाइकांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आता पाजा." मराठा, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांनी त्याला आपापल्या भाषेत शिव्या घातल्या आहेत. चौदा जणांनी लेखी घातल्या.

नातेवाइकांनी करावं असं एक काम तो सांगायचा. "बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येतं." हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचा अर्थ आता त्याच्या कानावर पडत नव्हता.

मे महिन्यात सत्यभामाबाईला तीन दिवस उलट्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी ती उठेना. अकरा वाजता माणिकरावांनी जीपमध्ये घालून नौबादला आणली, सोबत विजयश्री आणि भावकीतली चार माणसं. रक्ताचा रिपोर्ट आला : अंगातलं मीठ फार उतरलंय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू भरून काढू, दोन-तीन दिवस लागतील, सांगता येत नाही. चन्नव्वाने पाटी टांगली. व्यंकट सलाईनचे थेंब मोजत उभा होता तेव्हा माणिकरावांनी बंडीच्या खिशातून गडू काढला.

"हे घे. वहिनीचा हाय. देव्हाऱ्यातून मीच काढून आणलो."

"काका, ते द्या इकडं."

"पाजणार असशील तर देतो."

"न्हाई पाजणार."

भावकीतली वच्छलाबाई पुढे आली. "आरं बाबा, जलमभर एकच गोष्ट मागायली बिचारी. तुझ्या हातचं घोटभर पाणी."

"तिची येळ आली न्हाई, काकू. मीठ कमी झालंय."

"मी नाडी धरलोय," माणिकराव म्हणाले. "मला सांगू नगस. बापाला पाजलास आन मायला न्हाई म्हणायलास? साहेब लोकांची नोकरी करायलास म्हणून?"

"बापाला पाजलो म्हणूनच न्हाई म्हणायलोय."

"म्हंजे?"

पाच वर्षं तोंडात धरून ठेवलेलं व्यंकटने सलाईनची कळ फिरवता फिरवता सांगून टाकलं. आवाज ड्यूटीवरचा होता, बेड नंबर सांगताना असतो तसा. "अप्पा मरत नव्हते काका. उपास होता आन गोळी घेतलते, साखर उतरली. एक सुई लावली असती तर सांजच्याला च्या पिले असते. आपण उताणं घातलो आन मी पाणी घातलो. ते फुफ्फुसात गेलं. शेवटची घरघर पाण्याची होती."

वच्छलाबाईने तोंडावर पदर घेतला. विजयश्री नवऱ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं जेवताना तो सगळ्यांच्या गळ्याकडे का बघतो, हे तिला तेव्हा कळलं. माणिकराव आपल्या उजव्या हाताची बोटं न्याहाळत होते.

"मी नाडी धरलो होतो," ते पुन्हा म्हणाले, पण आता वेगळ्या आवाजात.

"नाडी होती काका."

"मग ह्याचं काय करू?" त्यांनी गडू पुढे केला.

व्यंकटने पट्टी फाडली, त्यावर 'बेड सहा' लिहिलं आणि गडू खणात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाईने डोळे उघडले आणि विजयश्रीला हाक मारली. माणिकराव ज्याला 'खाली घ्या' म्हणण्याच्या बेतात होते तो माणूस वर आल्याची ही पहिलीच नोंद. ते त्या दिवसापासून कुणाची नाडी धरत नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डात गर्दी नव्हती. व्यंकट आईचं बी.पी. बघून पट्टा गुंडाळत होता.

"मला काय झालतं रे?"

"मीठ कमी झालतं, माय. अंगातलं."

"मीठ." तिने तो शब्द चव बघितल्यासारखा तोंडात घोळवला. "आन त्यांला?"

"कुणाला?"

"तुझ्या अप्पाला. तू सांगायलतास की माणिकरावाला."

व्यंकटचा हात थांबला. "तू बेशुद्ध होतीस."

"बोलता येईना, पर ऐकू यायलतं."

खोटं बोलायला अजून जागा होती. गुंगीत भास होतात, असं सांगता आलं असतं, आणि ते शास्त्राला धरूनही झालं असतं. व्यंकटच्या ओठावर ते आलंही.

"साखर," तो म्हणाला.

"साखर तर घरात होती. डबा भरून होता, सणाचा."

"व्हय."

"मीठबी होतं."

"व्हय."

ती वर छताकडे बघत राहिली. शेजारच्या बेडवरच्या म्हातारीला चन्नव्वा पेज भरवत होती, चमचा वाटीवर वाजत होता.

"म्हंजे त्यांलाबी ऐकू यायलं आसंल," सत्यभामाबाई म्हणाली. "लाकडाचं."

व्यंकट गुंडाळलेला पट्टा उलगडून पुन्हा गुंडाळू लागला.

"गडू मी फोडले. पाज म्हणूनबी मीच म्हणले."

"माय, कुणालाच ठावं नव्हतं तवा."

"तुला कवापासून ठावं हाय?"

"पाच वर्सं."

"पाच वर्सं." तिने मान त्याच्याकडे वळवली. "पाच वर्सं मी येईल त्याला सांगायलते, आन तू खांबाला टेकून ऐकायलतास."

तिने उत्तराची वाट बघितली नाही, कुशीवर वळली. पेशंटला कुशीवर वळवावं असं पुस्तकात असतंच.

सातव्या दिवशी तिला घरी सोडलं. घरी सोडतानाची नोंद ड्यूटीवरच्या परिचारकाने करायची असते, आणि ड्यूटी व्यंकटची होती. त्याने लिहिलं : 'रुग्ण पूर्ण शुद्धीवर. आधाराशिवाय चालते. तोंडाने अन्नपाणी व्यवस्थित घेते. आहाराबाबत नातेवाइकांना सूचना दिल्या. त्यांना त्या समजल्या.' खाली सही, तारीख, वेळ.

त्याला सात महिने झाले. सत्यभामाबाई विजयश्रीच्या हातून पाणी घेते. व्यंकटच्या हातून घेत नाही.